रिबकाबाईंचं भेव

मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण भर देवळात, डोक्यावर पदर घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात केलेला मूर्खपणा एकच. मी उभी राहिले आणि साक्ष दिली की, मला कशाचंही भय वाटत नाही.

आमची उपासना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत चर्चला देऊळच म्हणतात. तिथं रविवारी गायनं झाली की प्रवचनाआधी साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आठवडाभरात आपलं काय भलं केलं ते चार लोकांत सांगायचं. कुणाचा ताप उतरतो, कुणाची हरवलेली शेळी सापडते, कुणाचा नवरा दारू सोडतो. (तो पुढच्या महिन्यात पुन्हा धरतो, पण ते साक्षीत कुणी सांगत नाही.) दहा आज्ञांमध्ये खोटी साक्ष देऊ नको अशी एक आहे. ती मी पाळकाची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूची, बायको असून मोडली, आणि साक्ष देतानाच मोडली.

खरं काय होतं? मी अंधाराला भ्यायची. पालीला भ्यायची. बैलाला, बेडकाला, वाऱ्यानं वाजणाऱ्या पत्र्याला भ्यायची. पहाटे परसाकडं जायचं तर नवऱ्याला कंदील घेऊन लांब उभं करायची, आणि तो मला टाकून पळालेला नाही हे कळावं म्हणून त्याला मोठ्यानं गात राहायला लावायची. गावाला वाटायचं, नवे पाळक फार भक्तिमान, उजाडायच्या आत रानात जाऊन देवाची गाणी म्हणतात.

ते गाव देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना आता वाचता येतं. मी नांदेडची, मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, टाचेची चप्पल घालणारी. लग्न झालं आणि त्या टाचेसकट तिथल्या काळ्या मातीत रुतले. लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा झालेला. शाळेच्या, चावडीच्या पाट्यांवर जुनं नाव खरवडून नवं लिहिलं होतं. खरवडलेल्या जागी जुनं अजून दिसायचं. जीपगाड्या येऊन धुरळा उडवून जायच्या. जिल्हा नवा होता, पाऊस मात्र जुन्याच खोडीचा. एक वर्ष पडला नाही, दुसऱ्या वर्षी तोंड दाखवून गेला. माणसं कामाला पाझर तलावावर नाहीतर ऊसतोडीला गेली. आमच्या ख्रिस्ती वस्तीत उरल्या बाया, म्हातारी माणसं, लेकरं आणि आम्ही.

आणि रिबकाबाई.

रिबकाबाई काडीसारखी बाई. गुडघ्याच्या जरा खाली येणारं लुगडं, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पितळी क्रूस. तो सारखा मुठीत धरून धरून गुळगुळीत झालेला. पहिल्याच रविवारी साक्षीच्या वेळी ती उठली. मला वाटलं, आता काहीतरी मोठी कृपा ऐकायला मिळणार. तिनं क्रूस मुठीत धरला आणि वर बघून म्हणाली,

"देवा, मी रिबका. ह्या हप्त्यात मी काय काय भेले ते सांगते. सोमवारी आडाचं पानी खाली गेलं म्हून भेले. मंगळवारी सपनात थोरली लेक आली म्हून भेले. बुधवारी हन्नाबाईचं कुत्रं अंगावर आलं, ते तर तुला म्हाईतच हाय. काल सुनेच्या पोटात कळ आली, उगाच व्हती, पन मी लई भेले. एवढंच. आमेन."

आणि बसली. मंडळी हसली. हन्नाबाई मागून म्हणाली, "माझं कुत्रं तुझ्यापेक्षा जास्त भेतं, रिबके!" रिबकाबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मग आण त्याला रविवारी. सांगू दे त्याचं त्यानं."

हे दर रविवारी. एकही रविवार चुकला नाही. मी पाळकीणबाई, वय कोवळं, अक्कल त्याहून कोवळी. मला लाज वाटायची. बाहेरून कुणी आलं तर काय म्हणेल? देवाच्या घरात येऊन कुत्र्याची भीती सांगतात? एकदा उपासनेनंतर मी तिला बाजूला घेतलं आणि बोर्डिंगात शिकवलेल्या सुरात समजावलं की, विश्वासणाऱ्यानं भ्यायचं नसतं, भ्यालं तरी असं चारचौघांत सांगायचं नसतं, साक्ष म्हणजे विजयाची गोष्ट.

तिनं सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "प्रभू न्हाई का भेला बागेत? शिपाई त्याला क्रुसावर द्यायला धरून न्यायच्या आदी? घाम फुटला व्हता त्याला. त्यानं लपवलं का? बापाला सांगितलं. दोस्तांना म्हनला, माझ्यासंगट जागा." तिनं क्रूस मुठीत फिरवला. "ते झोपले मेले, ते सोडा."

उत्तर नसलं की शहाणं माणूस गप्प बसतं. मी पुढच्या रविवारी उभी राहिले. रिबकाबाई खाली बसली तशी लगेच. पदर सारखा केला, घसा साफ केला आणि ठणकावून सांगितलं की, जिचा देवावर भरवसा आहे तिला भय शिवत नाही, आणि मला, देवाच्या कृपेनं, कशाचंही, कशाचंही भय वाटत नाही. दोनदा म्हणाले. माझा नवरा व्यासपीठावरून माझ्याकडं असा पाहत होता की, त्याला पहाटेची सगळी गाणी आठवत असावीत. पण बायकोला भर देवळात खोटं पाडील तर तो पाळक कसला.

मला वाटलं होतं, लोक दाद देतील आणि विसरतील. नांदेडात तसंच होतं. पण त्या वस्तीत साक्षीत बोललेलं कुणी विसरत नसे. देवासमोर उभं राहून बोललेलं ते, म्हणजे खरंच असणार. त्यावर माणसं वागायची.

दोनच दिवसांनी हन्नाबाई धावत आली. "पाळकीणबाई, चला लवकर, चुलीमागं साप हाय!"

"मग मला काय सांगता?"

"तुमाला भेव न्हाई की!"

गेले. काय करणार? हन्नाबाईच्या दारात पोरंसोरं जमलेली, सगळ्यांचे डोळे माझ्याकडं, आणि आत चुलीच्या मागं काळं काहीतरी वळवळत होतं. माझ्या हातात कुणीतरी काठी दिली. मी ती धरून उंबऱ्यावरच खिळले. तेवढ्यात रिबकाबाई गर्दीतून घुसली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि जी काही ओरडायला लागली! "अव्वा गं! देवा रे! साप हाय! मी भेले! केवढा हाय बघा! माझे पाय लटलट करायलेत!" तिच्या त्या आरडाओरड्यात माझी थरथर कुणाला दिसली असती तर शपथ. साप बिचारा घाबरून भिंतीच्या भोकातून बाहेर गेला. साप पाळकीणबाईंच्या विश्वासानं गेला, अशी साक्ष हन्नाबाईनं पुढच्या रविवारी दिली.

मग मला सगळीकडं बोलावणी यायला लागली. बिथरलेलं जनावर, अंगात आल्यासारखं करणारी पोरगी, मयताजवळ बसायला. आणि दर वेळी कुठून कोण जाणे, रिबकाबाई यायची, माझ्या शेजारी उभी राहायची आणि दोघींच्या वाटचं एकटीच भ्यायची. मला तेव्हा वाटायचं, बाई नाटकी आहे. आता सांगायलाही लाज वाटते, पण मला तिचा रागच यायचा. माझ्या नावावर जमलेल्या शौर्यात ही येऊन रडारड करते म्हणून!

ती कशाकशाला भ्यायची, ते सांगायला बसले तर जागा पुरायची नाही. पण ती एक गोष्ट कधी करायची नाही. भ्याली म्हणून मागं सरायची नाही. तिचं ठरलेलं होतं: आधी भेव तोंडानं सांगायचं, मग काम करायचं. "पोटात ठेवलं तर नासतं," म्हणायची. "शिळ्या आंबिलीवानी. मग त्येचा वास साऱ्या घराला."

दुष्काळ बघायला नव्या जिल्ह्याचा कुणी साहेब आला होता. चावडीसमोर जीप थांबली. साहेब उभा, हातात कागद, मागं पट्टेवाला. गावातले मोठे शेतकरी पुढं, आमची वस्ती मागं. साहेबानं विचारलं, "टँकरचं पाणी सगळ्यांना मिळतं ना?" पुढचे म्हणाले, मिळतं. पाळकसाहेब बोलायला गेले तर त्यांचा आवाज गर्दीत बुडाला. तेवढ्यात रिबकाबाई हात जोडत पुढं गेली.

"सायेब, मला तुमचं लई भेव वाटायलंय."

साहेब बावरला. "का? मी काय केलं?"

"काई न्हाई केलं. तुमी उभे हायत ना, म्हून. जरा बसता का? बसल्या मानसाचं भेव कमी वाटतं."

आणि साहेब खरंच बसला. तिथल्या दगडी ओट्यावर, इस्त्रीच्या पँटीसकट. ती त्याच्यासमोर मातीत बसली आणि क्रूस मुठीत धरून सांगितलं की, टँकर चौकात उभा राहतो, आमच्या वस्तीपर्यंत येईतो तळाचं गढूळ तेवढं उरतं, आणि वस्तीच्या आडाला आता हातभर पाणी आहे, आणि घरात पोटुशी सून आहे. "सून," तिनं बोट करून दाखवलं. सुलोचना पदराआड गेली. साहेबानं मान हलवली, लिहून घेतलं. त्यानंतर काही दिवस टँकर वस्तीत आला. मग पुन्हा चौकातच थांबायला लागला. पण माणूस बसला होता एवढं खरं.

आता ह्या सुनेचं सांगायला हवं, कारण रिबकाबाईंच्या सगळ्या भेवांचं मूळ तिथं होतं. रिबकाबाईंची थोरली लेक पहिल्या बाळंतपणात गेली होती. बाळही गेलं. तेव्हापासून कुणाही बाईचं पोट वाढायला लागलं की हिच्या डोळ्यांची झोप उडायची. मुलगा ऊसतोडीला गेलेला, सुलोचनाचे दिवस भरत आलेले, आणि आड आटत चाललेला. वस्तीतली दोन-तीन घरं उठून पाहुण्यांकडं गेली होती. हन्नाबाईनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. आड आटला की बाकीची वस्ती उठणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सुलोचनाला उठवता येणार नव्हतं. उदगीरच्या रस्त्यावर एसटी असे गचके खायची की, तिला त्यात बसवायचं नाव काढलं तरी रिबकाबाईंच्या तोंडचं पाणी पळायचं. आड आटला तर ओसाड वस्तीत, कोरड्या घागरीजवळ ती बाळंत होणार, आणि रिबकाबाईंनी तसंच एक मरण आधी पाहिलेलं.

आमचा आड देवळाच्या मागं. मिशनच्या जुन्या मडमेच्या काळातला म्हणत. अरुंद, खोल, आत उतरायला भिंतीत नुसत्या खाचा. वाकून पाहिलं की थंड, कुजकट वास तोंडावर यायचा. मी कधी वाकायचीच नाही. पाणी शेंदायला हन्नाबाईच्या पोरीला पाठवायची आणि कारण सांगायची की, पाळकाच्या बायकोनं दोर ओढणं बरं दिसत नाही. काय काय कारणं सुचायची मला!

गावातले किराणा दुकानदार शिवलिंगाप्पा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, वस्तीशी उधारीपलीकडचा संबंध ठेवणारा एकच माणूस. ते येऊन आडात डोकावले आणि म्हणाले, "झरा मेला न्हाई. गाळानं तोंड बंद झालंय त्येचं. गाळ काढा. पन बूड अरुंद हाय, बारीक माणूस पायजे. आन् भेव नसलेलं."

हे ते रविवारी, उपासना सुटल्यावर, देवळाच्या दारात बोलले. सगळी वस्ती उभी होती. हन्नाबाई लगेच म्हणाली, "पाळकीणबाई हायेत की!"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा बारीक होते, हे आता माझ्याकडं बघून कुणाला पटणार नाही. माझ्या नवऱ्याचं तोंड पांढरं पडलं. तो "अहो, पण" म्हणाला तोच मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका म्हाताऱ्या वडिलांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, की, हे प्रभू, तुझी ही निर्भय दासी आमच्यासाठी खाली उतरते आहे, तिला धर, तिला सांभाळ. लांब प्रार्थना झाली. आणि प्रार्थना संपली की माझ्या तोंडून, जन्माच्या सवयीनं, सगळ्यांत मोठ्यानं निघालं, "आमेन."

झालं. स्वतःच्या फाशीवर सही केली.

त्या रात्रीचं काही सांगत नाही. सकाळी नवरा म्हणाला, "मी सांगतो त्यांना, तुला बरं नाही." मी म्हणाले, सांगा. मग म्हणाले, नका सांगू. मग पुन्हा, सांगा. शेवटी टँकरचं विचारायला त्याला उदगीरला जावंच लागलं, आणि मी चालत आडापाशी गेले, म्हणजे पाय गेले, मी त्यांच्या मागून गेले.

शिवलिंगाप्पांनी मोटेचा जाड दोर आणला होता. दोन म्हातारे, सात-आठ बाया दोराला. सुलोचना बाभळीच्या तुटक सावलीत बसलेली, दोन्ही हात पोटावर. आप्पा म्हणाले, "आदी कंदील सोडा. आत वंगाळ हवा असली तर कंदील विझतो. कंदील विझला तर मानूस विझतो." दिवसाउजेडी कंदील पेटवून दोरीला बांधून खाली सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. मी पहिल्यांदा आडात पाहिलं. तो उजेड खाली खाली जात लहान झाला, एवढासा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. आणि तसाच राहिला. विझला नाही. मला वाईट वाटलं, खरं सांगते. विझला असता तर मी वाचले असते.

माझ्या कमरेला दोर बांधला. मी काठावर बसले, पाय आत सोडले. आणि तिथून हलले नाही. हलताच येईना. कान बंद झाल्यासारखे झाले. दगडाला धरलेली बोटं सोडवायची कशी तेच विसरले. "उतरा की, पाळकीणबाई," कुणीतरी म्हणालं. मी हसले. माणूस रडायच्या आधी हसतं तसं.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात आला. "थांबा," रिबकाबाई म्हणाली, "आदी मी जाते. पाळकीणबाई नांदेडच्या, त्यांना आमचा आड कुठं म्हाईत? दाखवायला कुनी पायजे की न्हाई?"

सगळे हसले. "रिबके, तू? तू तर तुझ्या सावलीला भेतीस!"

"हाव. म्हून तर जाते. वर बसून भेन्यापरीस खाली जाऊन भेलेलं बरं. तितं गार तरी हाय." बोलता बोलता तिनं माझ्या कमरेचा दोर सोडला आणि आपल्या कमरेला बांधला. गाठ तिची दोनदा चुकली. आप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. तिनं क्रूस दातात धरला, लुगडं खोचलं आणि खाली गेली.

आणि मग आडातून आवाज यायला लागला. घुमून, मोठा होऊन, जणू जमीन बोलते आहे.

"देवा, खाच निसरडी हाय. मी भेले. देवा, पाल हाय, मोठी हाय. देवा, वर आभाळ ताटलीएवढं दिसतंय, मी लई भेले. देवा, माझी लेक. देवा, माझी सून. बूड लागलं गं! चिखल हाय. टोपली सोडा!"

टोपली खाली गेली, गाळानं भरून वर आली. पुन्हा गेली. आम्ही ओढत होतो. हात सोलले. आप्पा म्हणाले, "बोलू द्या तिला. आवाज येतोय तोवर काळजी न्हाई." मला नवऱ्याची पहाटेची गाणी आठवली. टोपलीमागून टोपली, आणि मधून मधून तिचं ते, देवा मी भेले, देवा चिखलात काई वळवळलं, देवा दगूड सुटायलाय, मी भेले.

आणि मग आवाज थांबला.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. टोपली खाली गेली ती वर येईना. आप्पांनी दोर हलवला. काही नाही. "रिबके!" हन्नाबाईनं हाक मारली. "ए रिबके! बोल की गं!" आडानं तिचीच हाक परत दिली. दगड सुटायलाय म्हणाली होती, ते सगळ्यांना एकदम आठवलं. कंदील दिसत होता, पण तो मिणमिणता ठिपका काय सांगणार? सुलोचना बाभळीला धरून उठली आणि सासूला "मामी!" म्हणून असं ओरडली की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

मी उतरले. ह्याला शौर्य म्हणू नका. वर उभं राहून ती शांतता ऐकायचं भेव आडात उतरायच्या भेवापेक्षा मोठं झालं, एवढंच. आप्पांनी दुसरा दोर बांधला. पहिल्या खाचेत पाय ठेवला आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "देवा, मी भ्याले," मी म्हणाले. हळू. मग मोठ्यानं. "देवा, मी फार भ्याले. मी खोटं बोलले होते. मला सगळ्याचंच भय वाटतं. पाल आहे. माझा पाय सुटतोय. त्या बाईला काही होऊ देऊ नकोस." वरच्या सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे म्हटलं. आश्चर्य असं की, बोलत होते तोवर पाय चालत होते.

खाली कंदील भिंतीच्या खाचेत ठेवलेला. त्याच्या पिवळ्या उजेडात रिबकाबाई चिखलात मांडी घालून बसली होती. डोकं शाबूत, हातपाय शाबूत. एक तळवा भिंतीच्या बुडाशी टेकवलेला.

"रिबकाबाई! का बोलत नाही? वर सगळे मेले भीतीनं!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. झोपेतून उठल्यासारखी दिसत होती. "भेव न्हवतं गं," ती म्हणाली. पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होती. "आत्ता जरा भेवच न्हवतं. मग काय सांगू?"

आणि माझा हात धरून तिनं तळव्याखाली ठेवला. दगडाच्या फटीतून बारीक, गार, जिवंत काहीतरी माझ्या बोटांवरून वाहत होतं.

आम्ही दोघी हसायला लागलो. आवरेचना. चिखलात बसून, एकमेकींच्या गळ्यात पडून, रडत हसत होतो. आडातून हसणं ऐकू यायला लागलं तेव्हा वरची माणसं आणखीच घाबरली. हन्नाबाई म्हणाली म्हणे, "गेल्या दोघी. आता भुतं हसायलीत."

पाणी म्हणजे काही पूर आला नाही. घागर भरायला बराच वेळ लागायचा, रांग लावावी लागायची. पण पाणी होतं. हन्नाबाईनं गाठोडं सोडलं. चार-सहा दिवसांनी सुलोचना बाळंत झाली, घरीच. मुलगी झाली. दोघी सुखरूप. वस्त्रगाळ केलेल्या त्या आडाच्या पाण्यानं रिबकाबाईंनी नातीला न्हाऊ घातलं आणि न्हाऊ घालताना अखंड चालू होतं: देवा, हातातून निसटंल, मी भेले. देवा, डोळ्यात पानी जाईल, मी भेले.

त्या रविवारी मी साक्षीला उभी राहिले. वरून सगळ्यांनी ऐकलंच होतं, पण देवळात सांगितल्याशिवाय ते खरं होत नसतं. "मी पाळकीणबाई," मी म्हणाले, "मी अंधाराला भिते. पालीला भिते. आडाला भिते. तुम्ही मला हसाल ह्याला सगळ्यात जास्त भिते." कुणी हसलं नाही. मग हन्नाबाई उठली. ऊसतोडीला गेलेला नवरा परत येईल की नाही, ह्याचं भेव वाटतं, म्हणाली. ती इतकी वर्षं दुसऱ्यांना हसणारी बाई. तिच्या शेजारणीनं तिचा हात धरला. मग तो म्हातारा वडील उठला. मग एकेक करत सगळे. पाळकसाहेबांचं प्रवचन त्या दिवशी राहूनच गेलं. मंडळीवर मी केलेला तो मोठा उपकार, असं मी त्यांना ते असेपर्यंत ऐकवत होते.

तेव्हापासून तिथं रीतच पडली. कुणी भेव सांगितलं की दुसरं कुणीतरी बसल्या जागेवरून म्हणायचं, "मी येते संगट." दवाखान्यात जायचं भेव, मी येते. सावकाराच्या दारात जायचं भेव, मी येतो. दुष्काळ काही त्यानं हटला नाही. तो त्याच्या वेळेनं गेला. पण त्या दुष्काळात आमच्या वस्तीतून पुन्हा कुणी उठून गेलं नाही. देवळातला तो अर्धा तास संपून आम्ही बाहेर यायचो तेव्हा आभाळ तसंच कोरडं असायचं, आणि तरी प्रत्येकाच्या हाताला दुसऱ्या कुणाचा तरी हात असायचा. बोर्डिंगात मला विश्वास शिकवला होता. तो कसा असतो ते मी तिथं पाहिलं.

गेल्या वर्षी नांदेडात डॉक्टरांनी मला त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घातलं. आत जाताना मी मोठ्यानं सुरू केलं, देवा, मी भ्याले. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, बोलू नका, फोटो हलतो." मी म्हणाले, "हलू दे. गप्प बसले तर तुम्हीच घाबराल."

तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. आमची बदली कंधारकडं झाली तेव्हा रिबकाबाई एसटीपर्यंत आली. नातीला कडेवर घेऊन. नात तिच्या गळ्यातला क्रूस तोंडात घालत होती आणि ती तो ओढून काढत होती. चावडीच्या पाटीवर नव्या जिल्ह्याचं नाव आता नीट सुकलं होतं. मी खिडकीत बसले. गाडी सुरू व्हायची वेळ झाली तेव्हा मी इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं. की त्या दिवशी आडाच्या काठावर, मी भ्याले आहे हे तुम्हाला कधी कळलं?

तिनं खिडकीच्या गजाला धरलं. गाडी हलायला लागली तशी तीही चार पावलं बरोबर चालली.

"तुमी देवळात उभं राहून 'मला भेव न्हाई' म्हनलात ना, पाळकीणबाई, तवाच कळलं. ज्याला खरंच भेव नसतं त्यो कशाला उभं राहून सांगंल? तितंच मी देवाचे आभार मानले. म्हनलं, लई वर्षं मी एकलीच भेत व्हते. आता दोघी झालो."